अकालजात अर्भकांतील रक्तदर्शके

अकालजात अर्भकांतील रक्तदर्शके : गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या मुलास अकालजात किंवा अपुऱ्या दिवसांचे अर्भक म्हणतात. असे अर्भक अत्यवस्थ असताना त्याच्या रक्तातील ज्या घटकांच्या मापनावरून आजाराची तीव्रता ठरविता येते आणि ते जगण्याचा संभव किती आहे याविषयी अनुमान करता येते, त्या घटकांना रक्तदर्शके म्हणतात. आजाराचा पुढील क्रम व शेवट यांविषयी केलेल्या अशा अनुमानाला वैद्यकात फलानुमान ही संज्ञा आहे. रक्ताची अम्लता, लॅक्टिक अम्ल, संक्रामणामुळे वाढणारी प्रथिने, रक्तकोशिका व बिंबाणू यांच्या संख्या ही यांतील प्रमुख दर्शके होत. त्यांच्या साहाय्याने अर्भकांच्या समूहाविषयी बऱ्यापैकी विश्वसनीय अंदाज बांधता येतो. परंतु एका विशिष्ट अर्भकाविषयी निश्चित भाकीत करण्यास ती अपुरी पडतात. हा फरक व्यवहारात अतिशय महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सु. १ कोटी ३४ लक्ष अर्भके अकाली जन्मली. त्यांपैकी सु. ३० लक्ष भारतातील होती व ही संख्या कोणत्याही एका देशातील सर्वांत मोठी होती. २८ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान जन्मलेल्या अर्भकांना अतिअकालजात आणि २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्यांना अत्यंत अकालजात असे म्हणतात. वजनाच्या दृष्टीने २,५०० ग्रॅ. पेक्षा कमी, १,५०० ग्रॅ. पेक्षा कमी व १,००० ग्रॅ. पेक्षा कमी असे गट पाडले जातात.

अशा अर्भकाची बहुतेक इंद्रिये अपक्व असतात. फुप्फुसांतील वायुकोश उघडे ठेवणारा पृष्ठक्रियाकारक पदार्थ अपुरा असल्याने श्वसनास त्रास होतो. मेंदूतील नाजूक रक्तवाहिन्या फुटून रक्तस्राव होण्याची भीती असते. त्वचेखाली चरबी नसल्याने शरीर लवकर थंड पडते आणि मातेकडून वारेतून मिळणारी प्रतिपिंडे पुरेशी मिळालेली नसल्याने जंतूंचा प्रतिकार दुबळा असतो. या सर्व बिघाडांची बाह्य लक्षणे मात्र एकसारखी व अस्पष्ट असतात. अर्भक निस्तेज होते, दूध पीत नाही, मधूनमधून श्वास थांबतो. न्यूमोनिया, मेंदूतील रक्तस्राव व रक्तातील शर्करेची न्यूनता या तिन्ही अवस्थांत ही लक्षणे आढळू शकतात. म्हणूनच रक्ताच्या परीक्षणाकडे वैद्यांचे लक्ष वळले.

अमेरिकन भूलतज्ञ व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५२ मध्ये हृदयाची गती, श्वसन, स्नायूंचा ताण, प्रतिक्षेपी प्रतिसाद व वर्ण या पाच गोष्टींवरून नवजाताची स्थिती गुणांकांत मांडण्याची पद्धत सुचविली. ही पद्धत डोळ्यांनी व हातांनी केलेल्या तपासणीवर आधारलेली होती. रक्तातील रासायनिक बदलांशी तिची सांगड घालण्याचे काम त्यानंतर लवकरच सुरू झाले.

रक्तवायू व अम्ल-क्षारक समतोल : रक्ताची अम्लता पीएच मूल्याने दर्शवितात. निरोगी प्रौढाच्या रोहिणीतील रक्ताचे पीएच मूल्य ७.३५ ते ७.४५ असते व अम्लता वाढल्यास ते उतरते. १९५२ मध्ये कोपनहेगन येथे बालपक्षाघाताची मोठी साथ आली. त्या वेळी श्वसन बंद पडत चाललेल्या रुग्णांच्या रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साचून अम्लता वाढते, हे पोल आस्ट्रप यांनी पीएच मापनाने दाखवून दिले. पुढे त्यांनी व त्यांचे सहकारी ओले सिगॉर-आनर्सन यांनी थोड्या रक्तावर करता येण्याजोग्या मापनपद्धती विकसित केल्या. श्वसनाव्यतिरिक्त अन्य कारणाने निर्माण झालेली अम्लता वेगळी काढून दाखविणारी ‘क्षारकन्यूनता’ ही राशीही याच कार्यातून प्रचारात आली. न्यूयॉर्क येथे स्टॅन्ली जेम्स, ॲपगार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नाळेच्या रक्ताचे परीक्षण केले होते. निरोगी अर्भकही जन्मक्षणी काहीसे अम्लरक्ततेच्या अवस्थेत असते व श्वसन सुरू झाल्यावर ही अवस्था काही तासांत निवळते, असे त्यात आढळून आले. त्यामुळे अम्लता आहे की नाही, एवढेच पाहणे पुरेसे नसते. ती किती आहे व किती वेळ टिकते, यावर तिचा अर्थ अवलंबून असतो.

नाळेच्या रोहिणीतील रक्ताचे पीएच मूल्य ७.० पेक्षा कमी असणे किंवा क्षारकन्यूनता दर लिटरला १२ मिलिमोल वा त्याहून अधिक असणे, ही गंभीर अम्लरक्ततेची खूण मानतात. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतील क्षारकन्यूनता हे अतिअकालजात अर्भकांच्या फलानुमानातील सर्वांत उपयुक्त ठरलेल्या रक्तदर्शकांपैकी एक आहे.

लॅक्टिक अम्ल : ऊतकांना ऑक्सिजन पुरेसा मिळेनासा झाला की, कोशिका ग्लुकोजाचे अपुरे विघटन करून ऊर्जा मिळवितात व त्यातून लॅक्टिक अम्ल तयार होते. रक्तातील त्याच्या लवणाचे म्हणजे लॅक्टेटाचे प्रमाण ऑक्सिजनाच्या तुटवड्याचे माप होऊ शकते. स्थिर प्रकृतीच्या नवजातात पहिल्या दिवसानंतर हे प्रमाण सर्वसाधारणपणे दर लिटरला सु. २ ते २.५ मिलिमोलांपेक्षा कमी असते. कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या अर्भकांत एखाद्या वेळी आढळलेल्या मोठ्या आकड्यापेक्षा उपचार चालू असूनही टिकून राहिलेली किंवा वाढत गेलेली पातळी अधिक चिंताजनक असते. उलट, प्रारंभी पुष्कळ वाढलेले प्रमाण काही तासांत उतरू लागले, तर ते रक्ताभिसरण सुधारल्याचे द्योतक असते. टाच टोचून व दाबून काढलेल्या रक्तात, तसेच ॲड्रेनॅलिनासारखी औषधे चालू असताना लॅक्टेट अधिक आढळते, हे वाचन करताना ध्यानात घ्यावे लागते.

संक्रामणाची दर्शके : अकालजात अर्भकांच्या मृत्यूंमध्ये रक्तातील जंतुसंक्रामणाचा वाटा मोठा आहे. निश्चित निदान रक्तातील जंतूंच्या संवर्धनाने होते. परंतु त्यास बहुधा २४ ते ४८ तास लागतात. या अवधीत मार्गदर्शन व्हावे म्हणून पुढील घटकांचे मापन करतात.

सी-प्रतिक्रियाशील प्रथिनाचा शोध विल्यम टिलेट व टॉमस फ्रान्सिस यांना १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तरसात लागला. न्यूमोकॉकस जंतूच्या सी-बहुशर्करेशी त्याची विक्रिया होते, यावरून त्याला हे नाव पडले. हे प्रथिन यकृतात तयार होते व वारेतून पलीकडे जात नाही. म्हणून अर्भकाच्या रक्तात आढळलेले प्रथिन त्याचे स्वतःचेच असते. ते वाढण्यास संक्रामणानंतर कित्येक तास लागत असल्याने आरंभीचे एक परीक्षण फसवे ठरू शकते. २४ ते ४८ तासांच्या काळात पुनःपुन्हा केलेली परीक्षणे प्राकृत आल्यास मात्र संक्रामणाची शक्यता पुष्कळच कमी होते व प्रतिजैव औषधे थांबविण्यास आधार मिळतो.

प्रोकॅल्सिटोनीन हे कॅल्सिटोनीन या हॉर्मोनाचे पूर्वगामी प्रथिन गंभीर जंतुसंक्रामणात रक्तात वाढते, हे १९९३ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले. निरोगी नवजातातही ते जन्मानंतर आपोआप वाढते व सु. २४ तासांच्या सुमारास उच्चांक गाठते. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत त्याचा अर्थ अर्भकाच्या वयाचे तास मोजून लावावा लागतो. इंटरल्यूकीन-६ हा कोशिकांनी एकमेकींना धाडलेला रासायनिक संदेश सर्वांत आधी वाढतो व तितक्याच लवकर ओसरतो. नाळेच्या रक्तातील त्याचे वाढलेले प्रमाण गर्भाशयातच संक्रामणाची प्रतिक्रिया सुरू झाल्याचे सुचविते.

रक्तकोशिका व बिंबाणू : श्वेत कोशिकांपैकी उदासीनरंजी कोशिकांची संख्या फार घटणे, तसेच त्यांतील अपक्व कोशिकांचे एकूण कोशिकांशी प्रमाण ०.२ पेक्षा अधिक होणे, ही अस्थिमज्जेतील साठा संपत आल्याची लक्षणे असू शकतात. तथापि, गरोदरपणी रक्तदाब वाढलेल्या मातांच्या अर्भकांतही या कोशिका कमी आढळतात. केंद्रकयुक्त तांबड्या कोशिका नवजाताच्या रक्तात थोड्या प्रमाणात असतातच. गर्भाशयात ऑक्सिजनाची दीर्घकाळ उणीव झाल्यास एरिथ्रोपोएटीन हॉर्मोन वाढून या अपक्व कोशिका मोठ्या संख्येने रक्तात उतरतात. त्यांची संख्या अशा प्रकारे जन्मापूर्वीच्या संकटाची नोंद सांगते. तांबड्या कोशिकांच्या आकारमानातील विषमता व बिंबाणूंचे सरासरी आकारमान ही मापेही तपासली जात आहेत. रक्तगणनेच्या यंत्रातून ती वेगळ्या खर्चाविना मिळतात, हा त्यांचा मोठा गुण होय.

रक्त साखळण्यास आवश्यक असलेल्या बिंबाणूंची संख्या दर घ. मिमी. मध्ये १,५०,००० पेक्षा कमी झाल्यास तिला बिंबाणुन्यूनता म्हणतात. अतिदक्षता विभागात दाखल होणाऱ्या नवजातांपैकी साधारणतः एकचतुर्थांश अर्भकांत ती आढळते. जंतुसंक्रामण, आतड्याचा ऊतकमृत्युकारी शोथ, वारेचे अपुरे कार्य इ. कारणांनी ती उद्‌भवते. तीव्र न्यूनता असलेल्या अर्भकांत मृत्यूचे प्रमाण अधिक असते.

इतर दर्शके : यकृतातील साठा अल्प असल्याने रक्तातील ग्लुकोज घटू शकते, उलट तीव्र ताणाखाली ते वाढते व दोन्ही अवस्था घातक असतात. अत्यंत अकालजात अर्भकात पहिल्या दोन दिवसांत लघवीचे प्रमाण ठीक असूनही पोटॅशियम वाढून हृदयाच्या तालात बिघाड होऊ शकतो. क्रिॲटिनिनावरून वृक्कांचे कार्य कळते. परंतु पहिल्या दिवशीचा आकडा बव्हंशी मातेच्या रक्तातील पातळीच दर्शवितो. अल्ब्युमीन व थायरॉक्सीन यांची न्यूनता, तसेच हृदयस्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे ट्रोपोनीन, यांचाही अभ्यास झालेला आहे.

संयुक्त गुणांक : एकाच दर्शकावर विसंबणे योग्य नसल्याने अनेक बाबी एकत्र करून गुणांक तयार करण्यात आले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘क्रिब’ हा गुणांक १,५०० ग्रॅ. पर्यंत वजनाच्या किंवा ३१ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या अर्भकांसाठी होता. जन्मवजन, गर्भकाल, जन्मजात व्यंग, पहिल्या १२ तासांतील सर्वाधिक क्षारकन्यूनता आणि लागलेल्या ऑक्सिजनाची किमान व कमाल मात्रा या सहा बाबी त्यात होत्या. २००३ मधील सुधारित आवृत्तीत लिंग, गर्भकाल, जन्मवजन, दाखल होतेवेळचे तापमान व क्षारकन्यूनता एवढ्याच पाच बाबी ठेवण्यात आल्या. ऑक्सिजनाची मात्रा गाळण्याचे कारण असे की, ती वैद्याच्या निर्णयावर अवलंबून असते व तिच्यामुळे अर्भकाच्या आजाराबरोबर उपचारपद्धतीचेही मापन होते.

अमेरिकेत डग्लस रिचर्डसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्येच ‘स्नॅप’ हा गुणांक मांडला. त्यात ३४ बाबी होत्या व त्यांपैकी अनेक रक्तपरीक्षणांतून मिळणाऱ्या होत्या. २००१ मध्ये संख्याशास्त्रीय विश्लेषणाने त्या सहावर आणल्या गेल्या : रक्तदाब, तापमान, रक्तातील ऑक्सिजनाचे दिलेल्या ऑक्सिजनाशी गुणोत्तर, पीएच मूल्य, वारंवार येणारे झटके व लघवीचे प्रमाण. यांपैकी रक्तातून मिळणाऱ्या बाबी दोनच आहेत. मोठ्या संख्येने केलेल्या इतर परीक्षणांमुळे अनुमानात फारशी भर पडत नाही, असा याचा अर्थ आहे. गर्भकाल व जन्मवजन यांवरूनच फलानुमानाचा मोठा भाग साधतो. नव्या दर्शकाचे मोल, या दोहोंपलीकडे ते आणखी काय सांगते, यावरून ठरवितात.

अर्थनिर्णय व मर्यादा : मृत्यू पावणाऱ्या अर्भकांपैकी जितक्यांना दर्शक बरोबर ओळखते त्या प्रमाणास संवेदनक्षमता आणि जगणाऱ्यांपैकी जितक्यांना बरोबर ओळखते त्या प्रमाणास विशिष्टता म्हणतात. एका काल्पनिक दर्शकाच्या बाबतीत ही दोन्ही प्रमाणे ८०% मानू. १०० अर्भकांपैकी १० दगावणार असतील, तर दर्शक त्यांतील ८ जणांस धोक्याच्या गटात घालील. जगणाऱ्या ९० अर्भकांपैकी २०%, म्हणजे १८ अर्भकांसही ते त्याच गटात घालील. अशा रीतीने ‘धोका अधिक’ असा शेरा मिळालेल्या २६ अर्भकांपैकी १८ जगतील. कागदावर चांगले भासणारे दर्शक एका अर्भकाच्या बाबतीत किती चुकू शकते, हे यावरून दिसते.

दुसरी मर्यादा अशी की, दर्शक म्हणजे आजाराचे कारण नव्हे. याची तीन उदाहरणे लक्षणीय आहेत. (१) बिंबाणूंची संख्या घटली की धोका वाढतो, म्हणून बिंबाणू भरून काढावेत असा समज होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६६० अकालजात अर्भकांवरील यूरोपीय चाचणीत एका गटास संख्या ५०,००० च्या खाली जाताच व दुसऱ्या गटास २५,००० च्या खाली गेल्यावर बिंबाणू देण्यात आले. अधिक बिंबाणू मिळालेल्या पहिल्या गटात मृत्यू वा मोठा रक्तस्राव यांचे प्रमाण २६%, तर दुसऱ्यात १९% आढळले. (२) थायरॉक्सीन कमी असलेल्या अर्भकांत मृत्यू व मेंदूची हानी अधिक असल्याचे दिसले होते. परंतु नेदर्लंड्समध्ये ३० आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या २०० अर्भकांवर केलेल्या व १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे हॉर्मोन दिल्याने सर्व अर्भकांचा एकत्रित विचार करता विकासात सुधारणा आढळली नाही. (३) न्यूयॉर्क येथे विल्यम सिल्व्हरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत संक्रामण टाळण्यासाठी पेनिसिलीन व सल्फिसोक्साझोल दिलेल्या अकालजात अर्भकांत मृत्यू अधिक झाले व अनेकांच्या मेंदूत बिलिरुबीन साठलेले आढळले. हे औषध बिलिरुबिनाला अल्ब्युमिनापासून सोडविते व सुटे झालेले बिलिरुबीन ऊतकांत शिरते, असा उलगडा पुढे झाला. बिलिरुबीन अशा रीतीने रक्त सोडून जात असल्याने रक्तरसातील आकडा कमी दिसत होता. म्हणजे धोका वाढत असताना दर्शक सुधारणा सुचवीत होते.

तिसरी मर्यादा काळाची आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक हा ऑगस्ट १९६३ मध्ये सु. साडेपाच आठवडे आधी जन्मला. त्याचे वजन सु. २.१ किग्रॅ. होते व श्वसनविकाराने तो दोन दिवसांच्या आत मृत्यू पावला. गर्भिणीस स्टेरॉइडे दिल्यास अर्भकाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे ग्रॅहॅम लिगिन्स व रॉस हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखविले आणि १९८० मध्ये जपानमधील तेत्सुरो फुजिवारा यांनी पृष्ठक्रियाकारक पदार्थ श्वासनालात सोडून अर्भके वाचविली. या उपायांनंतर तशा वजनाचे अर्भक प्रगत रुग्णालयात बहुधा जगते. म्हणून जुन्या नोंदींवर बेतलेले गुणांक वेळोवेळी नव्याने पडताळावे लागतात आणि एका देशातील गुणांक दुसऱ्या देशात तसेच लागू करता येत नाहीत.

रक्तनमुन्यांचे मूल्य : अकालजात अर्भकाच्या शरीरात दर किग्रॅ. वजनास सु. ९० मिलि. रक्त असते. ७०० ग्रॅ. वजनाच्या अर्भकात ते सु. ६३ मिलि. भरते. त्यातून १ मिलि. काढणे हे ५ लि. रक्त असलेल्या प्रौढाचे सु. ८० मिलि. रक्त काढण्यासारखे आहे. अत्यवस्थ अर्भकाची परीक्षणे दिवसातून अनेकदा होत असल्याने पहिल्या काही आठवड्यांत त्याला येणाऱ्या पांडुरोगाचे एक मुख्य कारण रक्तनमुने हेच असते आणि ती झीज रक्ताधानाने भरून काढावी लागते. यासाठी सूक्ष्म नमुन्यावर चालणारी उपकरणे वापरणे, पहिल्या परीक्षणांसाठी वार व नाळ यांतील उरलेले रक्त घेणे, अर्भकाची स्थिती अनुकूल असल्यास नाळ तात्काळ न कापता थोडा वेळ थांबणे असे उपाय योजतात. ज्याच्या उत्तराने उपचारात काहीच बदल होणार नाही असे परीक्षण न करणे, हा सर्वांत साधा उपाय होय.

व्यावहारिक उपयोग : रक्तदर्शकांचा निर्विवाद उपयोग पुढील बाबतींत होतो : कोणत्या अर्भकाकडे आधी लक्ष पुरवावे व कोणास मोठ्या रुग्णालयात हलवावे हे ठरविणे, उपचारांचा परिणाम होत आहे की नाही हे पाहणे, अनावश्यक प्रतिजैव औषधे थांबविणे, आणि निरनिराळ्या रुग्णालयांतील मृत्युप्रमाणांची तुलना करताना त्यांच्याकडे आलेल्या अर्भकांच्या आजाराची तीव्रता हिशेबात घेणे. उपचार पुढे चालू ठेवावेत की नाही, हा निर्णय मात्र केवळ आकड्यावर सोपवीत नाहीत. दर्शक प्रतिकूल म्हणून उपचार आवरते घेतले व अर्भक दगावले, तर अनुमान खरे ठरल्याचा भास होतो व तीच नोंद पुढील अर्भकाविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहते. यास्तव वेगवेगळ्या वेळी केलेली परीक्षणे, प्रत्यक्ष तपासणी, मेंदूचे श्राव्यातीत ध्वनिचित्रण आणि माता-पित्यांशी केलेला विचारविनिमय यांच्या आधारे निर्णय घेतात.

भारतातील जिल्हा पातळीवरील नवजात शिशु कक्षांत रक्तवायुमापनाची उपकरणे सर्वत्र व सर्व वेळी उपलब्ध असतातच असे नाही. तेथे गर्भकाल, वजन, दाखल होतेवेळचे तापमान, श्वसन व रक्तातील ग्लुकोज यांच्या साध्या नोंदींवरही धोका पुष्कळ अंशी ओळखता येतो. भारतासह पाच देशांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १ ते १.८ किग्रॅ. वजनाच्या अर्भकांना, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच मातेच्या उराशी त्वचेला त्वचा लावून ठेवले असता पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले.